विहिरीचं पाणी पिण्याच्या टाकीत सोडू नका

प्रश्न: माहीम पश्चिमेला आमची ३६ घरांची जुनी सोसायटी आहे, माणसं साधारण १६०. नळाला पहाटे तास-दीड तास पाणी येतं. एप्रिल-मेमध्ये दिवसाआड टँकर मागवतो. मागच्या अंगणात आठ फूट रुंदीची बांधीव विहीर आहे, पत्रा टाकून बंद केलेली. काही सभासद म्हणतात, तीनशे फूट बोअर मारा आणि पाणी खालच्या टाकीत सोडा. काय करावं?
– एक सचिव

उत्तर: ताई, बोअर मारू नका. आणि खालच्या टाकीत तर नळाशिवाय दुसरं कुठलंच पाणी जाऊ देऊ नका.

आधी बोअरचं. तुम्ही समुद्राच्या काठाला आहात. अशा जमिनीत पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उथळ विहीर हा वरचा थर अलगद उचलते. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ सालची. समुद्र इतका जवळ असून तिचं पाणी गोड आहे. तुम्ही तीनशे फूट खाली जाऊन जोरात उपसा केलात तर खालचं खारं पाणी वर ओढलं जायची भीती असते. एकदा पाणी मचूळ झालं की पाइप सडतात, आणि शेजारच्यांच्या विहिरीही बिघडतात.

आता टाकीचं, कारण माझा जीव तिथे अडकलाय. पालिकेच्या पाणी खात्यात मी ३१ वर्षं काढली. तुळशी आणि विहार सोडले तर मुंबईचे बाकीचे पाचही तलाव शहराबाहेर, ठाणे-नाशिककडे. एवढ्या लांबून आणून, गाळून, क्लोरिन घालून दिलेलं पाणी तुमच्या टाकीत पडतं. जुन्या मुंबईत गल्लोगल्ली जमिनीखाली मलवाहिन्या आहेत, काही झिरपतात, आणि विहीर ते सगळं आपल्याकडे ओढते. तसं पाणी मिसळलं की उरलासुरला क्लोरिन तिथेच खर्ची पडतो. आमच्या इमारतीत नळाची आणि विहिरीची लायन यांच्या मध्ये फक्त एक व्हॉल्व्ह होता. एका पावसाळ्यात तो गळला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पाच घरांत कावीळ झाली. माझी मुलगी सहा आठवडे अंथरुणाला खिळली होती. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो: मध्ये व्हॉल्व्हसुद्धा नको, जोडणीच नको. विहिरीची टाकी वेगळी, पाइप वेगळा, त्याचा रंग वेगळा.

मग विहिरीचा उपयोग काय? फ्लशिंगला. माणशी दिवसाचे १३५ लिटर धरतात, त्यातले ४५ फ्लशिंगचे. १६० माणसांचे झाले ७,२०० लिटर. तेवढं नळाचं पाणी रोज वाचलं तर मे महिन्यातले बरेच टँकर वाचतील.

विहिरीत तेवढी ताकद आहे का, हे अंदाजाने ठरवू नका. आधी गाळ काढून घ्या. माणूस उतरवण्याआधी पत्रा काढून दोन दिवस मोकळी ठेवा आणि आतली हवा तपासून घ्या. बंद विहिरीतल्या हवेने माणसं दगावतात. मग मेच्या शेवटी, पाणी सर्वांत खाली असताना, भाड्याचा पंप लावून उपसा करा. दोरीला गाठी मारून पातळी मोजा आणि रात्रीत किती फूट भरते ते लिहा. आठ फुटी विहिरीत फूटभर पाणी म्हणजे जवळपास १,४०० लिटर. रात्रीत पाच फूट चढली तर तुमचं फ्लशिंग भागलं. पाण्याचा नमुनाही प्रयोगशाळेत द्या. क्षार बघून पंप आणि पाइप निवडता येतील.

विहिरीवर बारीक जाळीचं घट्ट झाकण हवंच. शंभर वर्षांपूर्वी मलेरियाच्या मोहिमेत शहरातल्या कित्येक विहिरी बुजवल्या गेल्या, कारण मलेरियाचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आत गप्पी मासेही सोडा. पंप बसवण्याआधी वॉर्ड ऑफिसात रीतसर विचारून घ्या.

आणि गच्चीचं पाणी गटारात जात असेल तर ते आधी अडवा. ४०० चौरस मीटरच्या गच्चीवर दोन मीटर पाऊस म्हणजे आठ लाख लिटर. ते गाळणीतून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडा, म्हणजे वरचा गोडा थर टिकेल.

मोजणीचे आकडे मला कळवा. पंप किती ताकदीचा घ्यायचा, ते त्यावरून सांगतो.