सोल्डरिंगचा धूर: पैसे फिल्टरवर नको, डक्टवर घाला

सोल्डरिंगला, म्हणजे तापलेल्या आयर्नने शिसं असलेली वायर वितळवून इलेक्ट्रॉनिक भाग जोडायला, बसलं की डोळे चुरचुरतात आणि घसा खवखवतो, असं तुम्ही लिहिलंय. कार्बन फिल्टरवाला टेबलावरचा छोटा पंखा घ्यावा, की कॉम्प्युटरच्या जुन्या पंख्यावर भागवावं, आणि धुरात शिसं असतं का, हे तुमचे प्रश्न.

आधी शिशाचं. शिसं उकळायला १७०० अंश सेल्सिअसच्याही वर तापमान लागतं आणि आपलं आयर्न ३५०च्या आसपास असतं. त्यामुळे धुरात शिशाची वाफ जवळजवळ नसतेच. शिसं बोटांना लागतं आणि तिथून पोटात जातं, म्हणून काम झालं की हात साबणाने धुवायचे आणि टेबलावर काही खायचं-प्यायचं नाही. धूर असतो तो फ्लक्सचा, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून वायरमध्येच भरलेल्या पदार्थाचा, बहुतेक वेळा रोझिनचा (झाडाच्या राळेचा). त्याला किरकोळ समजू नका. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे जरासा धूरही त्रास द्यायला पुरतो. लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाची, वायर घेऊनही यातून सुटका नाही, उलट तिला तापमान जास्त लागतं. छातीत घरघर होत असेल किंवा दम लागत असेल तर पंख्याचं नंतर बघू, आधी डॉक्टरांकडे जा.

आता पंखा. कार्बनचा स्पंज वास थोडा कमी करतो, पण धुराचे बारीक कण त्यातून आरपार जातात. म्हणजे धूर नाकासमोरून हटतो आणि खोलीत पसरतो. कॉम्प्युटरच्या पंख्याची अडचण वेगळी. मोकळ्या हवेत तो जोरात चालतो, पण पुढे फिल्टर लावून हात धरून बघा, ओढ जेमतेम उरलेली असते.

म्हणून माझं स्पष्ट मत, खिडकी असेल तर धूर थेट बाहेर काढा. चार इंची इनलाइन डक्ट फॅन (पाइपच्या मार्गातच बसणारा पंखा), तेवढ्याच मापाचा अॅल्युमिनियमचा लवचिक डक्ट (हवा वाहून नेणारा पाइप) आणि खिडकीत बसेल असा भोक पाडलेला प्लायचा तुकडा, एवढ्यात काम होतं. फॅन टेबलाशी न लावता खिडकीच्या टोकाला लावा. मग डक्टमध्ये कुठे फट राहिली तरी तिथून खोलीतली हवा आत ओढली जाते, धूर बाहेर गळत नाही. आवाजही लांब राहतो. डक्ट ताणून, कमीत कमी वळणं देऊन न्या आणि दार किंचित उघडं ठेवा. बाहेर जाते तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. त्याच खोलीत गॅसचा गीझर असेल तर मात्र हा फॅन लावू नका, गीझरचा विषारी वायू उलटा घरात खेचला जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते डक्टच्या तोंडाचं अंतर. चार इंची तोंडापासून चार इंचांवरच ओढ तोंडाशी असते त्याच्या सुमारे दहा टक्के उरते. म्हणून तोंड सोल्डर करायच्या जॉइंटच्या अगदी जवळ, तुमच्या समोरच्या बाजूला हवं. पीसीबीवर (सर्किटच्या पट्टीवर) वाकून काम करताना धुराची रेघ सरळ नाकाकडे चढते. आयर्नच्या टोकाला थोडी वायर लावून बघा, ती रेघ उठताक्षणी डक्टकडे वळली पाहिजे. वर जाऊन मग वळत असेल तर तोंड आणखी जवळ आणा.

खिडकी नसेलच तर ब्लोअर फॅन (फिल्टरमधूनही हवा जोरात ओढणारा पंखा), हेपा फिल्टर (बारीक कण अडवणारा) आणि त्याच्यामागे दाणेदार कार्बनचा जाड थर, असं तिन्ही लागेल. फिल्टर वेळेवर बदलावे लागतात, त्यामुळे शेवटी हे डक्टपेक्षा महागच पडतं. फॅनच्या पात्यांवर रोझिनचा चिकट थर बसत जातो. अधूनमधून प्लग काढून तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच फॅन चालू करा.