घट्टा चालतो, मग हृदय जाड झालं तर काय बिघडलं?

प्रश्न : आई कुंभारीच्या घरकुलात विड्या वळते, तीसेक वर्षं झाली. कात्री धरून धरून अंगठ्याला हा एवढा घट्टा पडलाय. बाबा लूमवर होते, पडले आणि पाय मोडला, दीड महिन्यानं प्लास्टर काढलं तर पोटरी अर्धी. त्यात बीपीमुळे इको (हृदयाची सोनोग्राफी) केली, त्यात हृदयाची भिंत जाड झालीय म्हणे. आईचा घट्टा जाड झाला तर कुणी काही म्हणत नाही, मग हृदयाचंच टेन्शन का? आणि पोटरीतल्या पेशी मेल्या का हो?

उत्तर : मेल्या नाहीत ओ. मंदीत कारखानदार अर्धे माग बंद ठेवतो पण कारखान्याला कुलूप लावत नाही, तसंच झालंय. काम नाही म्हटल्यावर स्नायूंच्या पेशींनी स्वतःचीच प्रोटीन मोडून खाल्ली आणि बारीक होऊन बसल्या. चालणं आणि फिजिओथेरपी सुरू केली की पोटरी हळूहळू भरते, फक्त बाबांना रोज उठवायचं काम तुमचं.

घट्ट्याचं गणित वेगळं. कातडीच्या खालच्या थरातल्या पेशी आयुष्यभर नव्या तयार होत असतात, घासलं की जास्त होतात आणि वर मेलेल्या पेशींचा जाड थर साठतो. कात्री सुटली की तो झिजतो. हृदयाच्या पेशींना ही सोय जवळजवळ नाहीच, त्या सहसा वाढून दोनाच्या चार होत नाहीत, म्हणून बीपीचा लोड आला की आहे तीच पेशी जाड होते. सुरुवातीला बरं चालतं, पण भिंत जाडावते त्या मानानं बारीक रक्तवाहिन्या वाढत नाहीत, मग आतल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, भिंत कडक होते, जिना चढताना दम लागतो. बीपी ताब्यात ठेवलं तर ही जाडी बरीच कमी होऊ शकते. "बरं वाटतंय" म्हणून बाबांनी गोळी परस्पर बंद करायची नाही. (आणि आईनं वळलेल्या विडीतली एखादी बाबा ओढत असतील तर तीही बंद. धुरानं श्वासनळीतल्या केसाळ पेशींच्या जागी चपट्या, चिवट पेशी येतात, त्या धूर सोसतात पण कफ वर ढकलत नाहीत, म्हणून सकाळचा तो खोकला.)

प्रश्न : मिस्टरांच्या छातीत रात्री दोनला दुखायला लागलं. ॲसिडिटी वाटली म्हणून सोडा दिला, सकाळी ॲडमिट केलं. रक्ताची तीच टेस्ट दोनदा केली, बिल वाढवायला का? आणि सोड्यात वेळ गेला त्यानं फरक पडला का? - पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : टेस्टचं आधी सांगतो, ती ट्रोपोनिनची असणार. ट्रोपोनिन हे प्रोटीन हृदयाच्या पेशीच्या आत असतं, पेशीचं आवरण फुटलं की रक्तात येतं, पण पुरेसं वाढून दिसायला काही तास लागतात. म्हणून पहिली नॉर्मल आली तरी पुन्हा करतात, दोन आकड्यांतला फरक बघायचा असतो. बिलासाठी नाही हो, पण हे दोन वाक्यांत तुम्हाला सांगायला हवं होतं, ही तक्रार मान्य.

आता वेळेचं. रक्त अडलं की पेशीचं इंधन संपतं, सोडियम बाहेर काढणारा पंप बंद पडतो, मीठ आत आलं की मागोमाग पाणी, आणि पेशी फुगते. इथपर्यंत रक्त परत आलं तर ती वाचते. पूर्ण अडलं असेल तर साधारण २०-३० मिनिटांनी पेशी कायमच्या मरायला लागतात, आतल्या थरापासून बाहेरच्या बाजूला, सगळ्या एकदम नाही, तास-तास सरकत जातं ते. म्हणून फरक पडतो, उगाच धीर देण्यासाठी खोटं बोलणार नाही. पण पोटात जळजळ आणि छातीतलं दुखणं घरबसल्या वेगळं ओळखणं आम्हा डॉक्टरांनाही जमत नाही, तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका. पुन्हा असं झालं तर सोडा नाही, सरळ १०८.

मेलेल्या जागी दीड-दोन महिन्यांत वण भरतो, तो आकुंचन पावत नाही. उरलेल्या पेशी त्याचं ओझं उचलतात आणि त्याही जाड होतात, म्हणजे वरच्या पत्रातल्या बाबांचीच गोष्ट. फॉलोअपला जाल तेव्हा इकोमधला पंपिंगचा आकडा विचारा आणि मागच्या रिपोर्टशेजारी लिहून ठेवा.