वाचक विचारतात : टिमीची शेपटी, संत्र्याचा वास आणि दाराखालची फट

बालरहस्यकथांवर पत्रं मागवली होती. आली त्यांत निम्म्याहून जास्त कुत्र्यांबद्दलची आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : ‘फेमस फाइव्ह’ या चार मुलं आणि एका कुत्र्याच्या साहसमालिकेतला टिमी नेमका कोणत्या जातीचा? आमच्या घरात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो कोली, दुसरा म्हणतो अल्सेशियन.

उत्तर : दोन्ही तटांनी तह करावा. टिमी कुठल्याच जातीचा नाही, सरळ सरळ मिश्र जातीचा आहे. 1942 च्या पहिल्याच पुस्तकात लेखिका एनिड ब्लायटनने ते लिहून ठेवलं आहे : मोठा तपकिरी कुत्रा, अंगाच्या मानाने डोकं मोठं, कान जरा जास्तच ताठ, शेपटी नको तितकी लांब आणि तोंड असं रुंद, की हसतोय असंच वाटावं. कोलीचं खूळ 1978 च्या टीव्ही मालिकेने डोक्यात भरवलं. खात्री करायची तर आयलीन सोपरची मूळ चित्रं पाहा. 21 च्या 21 पुस्तकांची चित्रं तिचीच आहेत.

जात नसणं कथेच्या पथ्यावरच पडतं. हे पिल्लू टोळीतल्या जॉर्जला (मूळ नाव जॉर्जिना) माळरानावर सापडलेलं. वडील घरात ठेवू देत नाहीत, म्हणून तिने ते एका कोळ्याच्या मुलाकडे ठेवलंय आणि खाऊचे सगळे पैसे त्याच्या पोटापाण्यावर जातात. म्हणून ती सुरुवातीला भावंडांनी दिलेलं आइस्क्रीमसुद्धा नाकारते. परत द्यायला हातात पैसे नाहीत आणि फुकटचं घ्यायचं नाही, हा तिचा बाणा. पन्नास पानं वर्णन करून जॉर्ज कळली नसती, ती या एका नकारात कळते. (तो कोळ्याचा पोरगा पहिल्या पुस्तकात आल्फ असतो आणि पुढे जेम्स होतो. वाद घालायचाच असेल तर यावर घाला.)

प्रश्न : दाराखाली वर्तमानपत्र सरकवून कुलपातली किल्ली आत ओढून घ्यायची, ही एनिड ब्लायटनच्या दुसऱ्या मालिकेतल्या फॅटी या बालगुप्तहेराची युक्ती खरंच चालते का? मुलाने दोनदा करून पाहिली, दोन्ही वेळा फसली.

उत्तर : चालते, पण दार जुन्या पद्धतीचं हवं. 1945 च्या ‘मिस्टरी ऑफ द सीक्रेट रूम’मध्ये फॅटी ती वापरतो. तेव्हा आरपार छिद्राची कुलपं सर्रास असत. हल्लीच्या सिलिंडर कुलपात एका बाजूने घातलेल्या किल्लीचं टोक दुसऱ्या बाजूला पोचतच नाही, मग ढकलणार काय? तुमचं कुलूप तसलं असेल तर प्रश्न तिथेच मिटला.

आरपार छिद्र असेल तर आधी दार उघडं ठेवून एक चाचणी घ्या. किल्ली आडवी धरून दाराखालच्या फटीतून सरकवून पाहा. बहुतेक फजिती इथेच होते. किल्लीची मूठ चपटी असते, पण दांड्यावरचं गोल कडं जाड असतं आणि तेच अडकतं. उंचवट्याचा उंबरठा असेल तर नादच सोडा.

किल्ली जात असेल तर वर्तमानपत्राचं जोडपान पूर्ण उघडून फटीतून बाहेर सरकवा. बाहेर किमान अर्धा मीटर कागद हवा आणि तो किल्लीच्या छिद्राच्या बरोबर खाली यायला हवा. मग पेन्सिलीने किंवा जाड तारेने किल्लीचं टोक ढकला. ती हलत नसेल तर जोर लावू नका. किल्लीचे दाते छिद्राच्या खाचेशी सरळ रेषेत असतील तरच ती बाहेर पडते. कुलूप लावणाऱ्याने ती किंचित तिरपी सोडली असेल तर आधी तारेने हलकेच फिरवून सरळ करावी लागते.

तुमच्या मुलाचं काय चुकलं असेल याचा अंदाज : कठीण फरशीवर किल्ली एक मीटरवरून पडते आणि टुणकन उडून कागदाबाहेर जाते. फॅटीची कधी उडाली नाही, ती लेखिकेची कृपा. जोडपानाऐवजी जुनी चादर सरकवली तर किल्ली पडल्या जागी राहते. ओढताना दोन्ही कडा धरून सावकाश ओढा, झटका दिला की कागद खालून निघून येतो आणि किल्ली बाहेरच. आणि हे सगळं करताना दुसरी किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात असू द्या.

प्रश्न : त्याच पुस्तकातली अदृश्य शाई घरी कशी करायची?

उत्तर : लिंबाचा किंवा संत्र्याचा रस कापडातून गाळून घ्या, एक चमचा पुरतो. कापसाच्या काडीने साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर लिहा आणि पूर्ण वाळू द्या. मग मोठ्यांनी वर कोरी इस्त्री फिरवावी, वाफ बंद ठेवून. रसातली साखर आणि आम्लं कागदाच्या आधी करपतात, म्हणून अक्षरं तपकिरी उमटतात. टोकदार निबाने लिहिलं तर कागदावर ओरखडे राहतात आणि तिरप्या उजेडात मजकूर इस्त्रीविनाच वाचता येतो. रस जास्त झाला तर कागद सुरकुततो.

पुस्तकात चोरांनी डांबलेला फॅटी साध्या शाईच्या पत्रात खरा निरोप या शाईने लिहितो, आणि त्याच्या टोळीतल्या धाकट्या बेट्सला कागदाला संत्र्याचा वास येतो. बस्टर हा स्कॉटी कुत्रा टोळीत असताना नाक चालवायचा मान सगळ्यांत लहान मुलीला दिलाय, ही गंमत फार कमी जणांच्या लक्षात येते.

प्रश्न : मुलगी रहस्यकथा लिहितेय. कथेत कुत्रा ठेवला की चोर दुसऱ्याच पानावर पकडला जातो. काय करावं?

उत्तर : हे दुखणं सगळ्याच लेखकांचं. कुत्रा ऐकतो जास्त, हुंगतो जास्त आणि झोपतो सावध. म्हणून कसलेला लेखक आधी ठरवतो, की नेमक्या वेळी कुत्रा कुठे नसेल आणि का. ‘स्मगलर्स टॉप’मध्ये (1945) घरमालकाला कुत्रे खपत नाहीत, म्हणून टिमीला भिंतींमधल्या चोरवाटांत लपवावं लागतं. कुत्रा दूर ठेवायची सोय झाली आणि वर ‘सापडला तर?’ ही धास्ती फुकट मिळाली. गुंगीचं मांस हा उपाय मात्र इतका वापरून झालाय, की मुलीने तो टाळावा.

वासाचंही गणित सांभाळायला हवं. वारा चोराकडून कुत्र्याकडे वाहत असेल तर त्याला लांबून कळेल, उलट असेल तर बराच उशिरा. थंड, दमट पहाटे माग चांगला टिकतो, कोरड्या रणरणत्या दुपारी लवकर विरतो, आणि मुसळधार पावसाने धुऊनही जातो. हवामानाची एक ओळ आधी पेरून ठेवली की पुढे कुत्र्याचं चुकणं पटतं.

आणि कुत्र्याचं गप्प राहणंही पुरावा होऊ शकतं. शेरलॉक होम्सच्या 1892 च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये रात्री तबेल्यात कुणीतरी शिरतं आणि कुत्रा भुंकत नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा. मुलीला हीच चाल वापरायची असेल तर त्याआधी दोनदा तरी कुत्रा परक्यावर भुंकताना दाखवायला सांगा. नाहीतर वाचक म्हणेल, कुत्रा मुळात आळशीच होता.

कुत्रा वगळायचाच असेल तर एरिख केस्टनरची 1929 ची ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’ वाचायला द्या. एमिल 140 मार्कांच्या नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवतो. सुरुवातीला ही नुसती काळजीवाहू मुलाची सवय वाटते. शेवटी चोरीला गेलेल्या नोटा त्याच्याच, हे टाचणीची भोकं सिद्ध करतात. पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर असूनही लपलेला, याहून चोख नमुना सापडणं कठीण.

प्रश्न : टिमीसारखं आमच्या कुत्र्यालाही चॉकलेट दिलं तर चालेल?

उत्तर : अजिबात नाही. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. दर किलो वजनामागे साधारण 20 मिलिग्रॅमपासून उलट्या, अस्वस्थपणा अशी लक्षणं सुरू होऊ शकतात, त्यापुढे हृदयाचे ठोके बिघडतात. 10 किलोच्या कुत्र्याला दुधाच्या चॉकलेटची 100 ग्रॅमची एक वडी तेवढी मात्रा देते, आणि काळं चॉकलेट याच्या निम्म्याहून कमी पुरतं. मनुका आणि द्राक्षंही नकोत, म्हणजे सहलीचा फ्रूटकेकसुद्धा बाद. खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याला फोन करा आणि वेष्टन हाताशी ठेवा. त्यावर प्रकार आणि वजन दोन्ही छापलेलं असतं.

प्रश्न : ‘लॅशिंग्ज ऑफ जिंजर बिअर’ (म्हणजे भरपूर जिंजर बिअर) हे ‘फेमस फाइव्ह’चे म्हणून सांगितले जाणारे शब्द कोणत्या पुस्तकात आहेत?

उत्तर : ‘फेमस फाइव्ह’च्या एकाही पुस्तकात नाहीत. जिंजर बिअर आहे, भरपूर आहे, पण हे शब्द 1982 च्या ‘फाइव्ह गो मॅड इन डॉर्सेट’ या टीव्हीवरच्या विडंबनातले आहेत.