लोणारचे सरोवर ज्वालामुखीने नव्हे तर उल्कापाताने झाले, हे मान्य व्हायला इतका काळ का लागला?

कारण जुने मत चुकीचे असले तरी वेडगळ नव्हते: बुलढाणा जिल्ह्यातला सगळा काळा पाषाण मुळात लाव्हारसाचाच असल्यामुळे त्यातला सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डाही ज्वालामुखीचाच, हे कोणालाही सहज पटत होते. गावात मी हा विषय शिकवतो तेव्हा आजही पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्तच आहे. विवराच्या काठावरचा दगड हातात घेऊन कितीही न्याहाळला तरी आघाताची खूण दिसत नाही. तो कापून, कागदाहून पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तरच त्यातले काही स्फटिक आघाताच्या दाबाने काचेसारखे, म्हणजे मास्केलिनाइट, झालेले आढळतात. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. 1896 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी अमेरिकेतल्या, आज उल्काविवर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विवराशी लोणारचे साम्य सुचवले होते, पण नुसत्या साम्याने मत बदलत नाही (बदलूही नये). हा सूक्ष्म पुरावा 1973 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पारडे फिरले. मात्र विवराच्या वयाचा वाद त्याने मिटला नाही: एका पद्धतीने ते सुमारे 50 हजार, तर दुसरीने साडेपाच लाखांहून अधिक वर्षे येते.