5.9 कमिन्सवर एकच टर्बो बसवायचा असेल, तर 63 मिलिमीटरचा घ्यावा की 66 चा?

आपला प्रश्न मी असा समजतो. आपल्याकडे 2006 सालचा डॉज रॅम 2500 आहे. त्यात 5.9 लिटरचे कमिन्स इंजिन, सहा गिअरचा जी56 मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कारखान्यातून आलेले मूळ इंजेक्टर आहेत. मागे सुमारे 12,000 पौंडांचा फिफ्थ व्हील ट्रेलर असतो. डेन्व्हरहून आय-70 ने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना एक्झॉस्टचे तापमान 1,400 अंश फॅरनहाइटच्या पुढे जाते. दोन टर्बो एकापाठोपाठ जोडण्याची कंपाउंड रचना खर्चामुळे नको आहे, आणि अनेकांनी आपल्याला 66 मिलिमीटरचा एकच मोठा टर्बो बसवण्याचा सल्ला दिला आहे. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्ट वायूंच्या जोरावर टर्बाइनचे चाक फिरवून, त्याला जोडलेल्या कॉम्प्रेसरने इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र; 63 किंवा 66 हा आकडा त्या कॉम्प्रेसरच्या तोंडाचा व्यास असतो.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या कामासाठी 66 चा टर्बो चुकीचा ठरेल. बोर्गवॉर्नरच्या एस300 एसएक्स-ई मालिकेतील 63 मिलिमीटरचा कॉम्प्रेसर, 68 मिलिमीटरचे टर्बाइन, टर्बाइनभोवतीचे दोन भागांत विभागलेले लहान कवच (हाउसिंग) आणि जादा वायू बाजूने सोडणारी झडप (वेस्टगेट), अशी जोडणी मी निवडेन. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा निर्णय कॉम्प्रेसरच्या मिलिमीटरवरून न घेता टर्बाइनच्या, म्हणजे गरम बाजूच्या, आकारावरून घ्यावा. मी हे आग्रहाने सांगतो, कारण याच पिढीच्या ट्रकवर मी स्वतः आधी 66 मिलिमीटरचा कॉम्प्रेसर, 73 चे टर्बाइन आणि मोठे हाउसिंग बसवले होते. रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर सुरेख पळत असे, पण ट्रेलर जोडून चढाला लागलो की मिनिटाला 2,000 फेऱ्यांच्या खाली बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) भरतच नसे, मागे काळा धूर निघे आणि तापमान मूळ टर्बोपेक्षाही वर जाई. वर्षभराने तो काढून मी लहान टर्बो बसवला आणि त्याच चढावर काटा 1,250 च्या आसपास स्थिरावला.

असे का होते ते आकड्यांत पाहू. 5.9 लिटर म्हणजे 359 घन इंच. ट्रेलर घेऊन चढताना आपण बहुधा पाचव्या, म्हणजे थेट एकास एक गिअरमध्ये असाल. मागचा 3.73 गुणोत्तराचा अ‍ॅक्सल असेल, तर ताशी 55 मैलांना इंजिन मिनिटाला साधारण 2,200 फेरे करते. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेते आणि सिलिंडर नव्वद टक्के भरतात असे धरले, तर मिनिटाला सुमारे 206 घनफूट हवा आत जाते. समुद्रसपाटीवर 30 पीएसआय (चौरस इंचाला 30 पौंड) बूस्ट असताना आणि इंटरकूलरमधून, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागातून, हवा 140 अंश फॅरनहाइटने बाहेर पडत असताना त्या हवेचे वजन मिनिटाला साधारण 41 पौंड भरते, आणि कॉम्प्रेसरला बाहेरच्या दाबाच्या तिप्पट दाब तयार करावा लागतो. एका भाग इंधनाला वीस भाग हवा दिली, तर एवढ्या हवेत सव्वातीनशे अश्वशक्तीहून थोडी अधिक शक्ती स्वच्छपणे निघते, आणि आपल्या इंजिनाची कारखान्याने दिलेली शक्ती 325 अश्वशक्तीच आहे. थोडक्यात, ओढण्याच्या गतीला आपल्या इंजिनाला लागणारी हवा 66 च्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या मानाने फारच कमी आहे. त्याची खरी ताकद 3,000 फेऱ्यांच्या आसपास आणि मोठ्या इंजेक्टरांसोबत दिसते. आपल्याकडे यांपैकी काहीच नाही.

आता उंचीचा विचार करू. आपल्या बाबतीत तो टाळता येणार नाही. आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांहून अधिक उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब सुमारे 9.7 पीएसआय असतो, समुद्रसपाटीवर तो 14.7 असतो. बूस्टचा काटा तिथेही 30 दाखवत असला, तरी कॉम्प्रेसरला आता तिपटीऐवजी चौपटीहून थोडा अधिक दाब निर्माण करायचा असतो. आत जाणारी हवा वजनाने मिनिटाला 37 पौंडांपर्यंत घटते, पण विरळ हवेचा हिशेब लावल्यावर कॉम्प्रेसर मॅपवर (किती हवेला आणि दाबाला कॉम्प्रेसर किती कार्यक्षम चालतो हे दाखवणाऱ्या आलेखावर) तोच बिंदू 54 पौंडांच्या आसपास जाऊन बसतो. म्हणून काट्यावर तोच आकडा दिसत असतानाही टर्बो पुष्कळ अधिक वेगाने फिरत असतो. मूळ होलसेट एचई351सीडब्ल्यू टर्बोची दमछाक नेमकी इथे होते. त्याचा कॉम्प्रेसर 60 मिलिमीटरच्या आसपासचा आणि हाउसिंग 9 चौरस सेंटिमीटरचे असल्याने या उंचीवर तो कार्यक्षमतेच्या कडेला जातो, पुढे पाठवलेली हवा अधिक तापते आणि सिलिंडरपर्यंत कमी पोहोचते. इंधन मात्र तेवढेच पडत राहते आणि तापमान चढते. 1,300 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 700 अंश सेल्सिअस, ही सतत ओढण्यासाठी मी मानतो ती मर्यादा आहे. काही सेकंद त्यावर जाणे वेगळे आणि दहा मिनिटे चढावर 1,400 वर राहणे वेगळे, कारण पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे असतात.

मग 60 वरून 63 वर गेल्याने किती फरक पडतो? कॉम्प्रेसरच्या तोंडाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून ते सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. वरच्या चढावर मूळ टर्बोला कमी पडणारी हवा भरून काढायला एवढी वाढ आणि एसएक्स-ई मालिकेच्या चाकाची सुधारित घडण मिळून पुरेशी होते. मात्र टर्बाइन मूळ 60 वरून 68 वर गेले की बाहेर पडणाऱ्या वायूंचा मार्ग सुमारे 28 टक्क्यांनी मोकळा होतो, आणि 73 वर गेले की जवळपास 48 टक्क्यांनी. हा मोकळेपणा टर्बोच्या निवडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, असे मला वाटते. मार्ग फार अरुंद असेल, तर इंजिनाला धूर बाहेर ढकलण्यासाठी शक्ती खर्च करावी लागते आणि सिलिंडरमध्ये गरम वायू उरतात. तो फार रुंद असेल, तर वायूंचा वेग मंदावतो, टर्बाइनचे चाक वेळेवर फिरत नाही आणि बूस्ट उशिरा येतो. आपल्या इंजिनासाठी 68 हा दोहोंमधला योग्य मध्य आहे.

हाउसिंगबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या. होलसेटचे आकडे चौरस सेंटिमीटरमध्ये असतात, तर बोर्गवॉर्नरचे ए/आर (मार्गाचे क्षेत्रफळ भागिले चाकाच्या मध्यापासूनचे त्याचे अंतर) या गुणोत्तरात. त्यामुळे दोन्ही आकड्यांची थेट तुलना करून कोणते लहान हे ठरवता येत नाही. ए/आर 1.00 चे हाउसिंग आपण घेऊ नये. त्याखालचे, 0.9 च्या आतले, घ्यावे आणि ते विभागलेलेच असावे. या इंजिनाचा प्रज्वलनक्रम 1-5-3-6-2-4 असा आहे, म्हणजे पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांचे धक्के एकाआड एक येतात. विभागलेल्या हाउसिंगमध्ये हे दोन प्रवाह चाकापर्यंत वेगळे राहतात, एकमेकांना अडवत नाहीत, आणि कमी फेऱ्यांना बूस्ट लवकर भरतो. आपल्या मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांमधून वायू गोळा करणाऱ्या नळीला) टी3 मापाचा फ्लँज, म्हणजे टर्बो जोडायचे तोंड, आहे. त्याहून मोठ्या टी4 मापाचे हाउसिंग घेतले, तर मॅनिफोल्ड, टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप (डाउनपाइप), तेलाच्या नळ्या आणि इंटरकूलरकडे जाणारा पाइप हे सर्व बदलावे लागते. त्याचा खर्च टर्बोच्या किमतीत न धरल्यामुळे अनेकांचे काम अर्धवट अडकून पडलेले मी पाहिले आहे. आपल्या शक्तीला टी3 चे विभागलेले हाउसिंग पुरते, म्हणून मी ते निवडेन.

वेस्टगेटशिवाय मिळणारा स्वस्त टर्बो घेऊ नका. लहान हाउसिंग लवकर भरते, पण जास्त फेऱ्यांना त्याला सुटका द्यावी लागते, नाहीतर वर सांगितलेल्या चौपट दाबाच्या परिस्थितीत चाक मर्यादेबाहेर फिरू लागते. बूस्ट 35 पीएसआयच्या आत ठेवला, तर सिलिंडर हेडच्या मूळ बोल्टना हात लावण्याची गरज मला वाटत नाही. क्लच मात्र मूळ असेल, तर ट्यून, म्हणजे इंजिनाला किती इंधन द्यायचे ते ठरवणारी संगणकीय मांडणी, वाढवण्याआधी तो तपासून घ्या.

उतारावरच्या सुरक्षिततेबद्दल आपण काही विचारलेले नाही, पण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या ट्रकवर एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून इंजिनाद्वारे वेग रोखणारा ब्रेक) असेल, तर तो बहुधा टर्बोच्या एक्झॉस्ट बाहेर पडणाऱ्या तोंडाशी जोडलेला असतो. नव्या टर्बोचे तोंड वेगळ्या मापाचे असते. ते जुळवून घेतल्याशिवाय किंवा पाइपमध्ये बसणारा दुसरा ब्रेक घेतल्याशिवाय जुना टर्बो काढू नका. 12,000 पौंड मागे घेऊन बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना नुसत्या चाकांच्या ब्रेकवर अवलंबून राहणे धोक्याचे आहे. ज्यांच्याकडे 2007 पासून आलेले 6.7 लिटरचे इंजिन आहे, त्यांनी तर हे उत्तर स्वतःला लागू करू नये. त्यांचा टर्बो बदलत्या भूमितीचा असतो, एक्झॉस्ट ब्रेकचे काम तोच करतो आणि प्रदूषणनियंत्रणाशीही तो बांधलेला असतो.

धुराविषयीही सावध राहा. कोलोरॅडोच्या फ्रंट रेंज पट्ट्यात, म्हणजे डेन्व्हर परिसरात, नोंदलेल्या डिझेल गाड्यांच्या धुराची अपारदर्शकता तपासली जाते. मोठा टर्बो आणि तसाच जुना ट्यून ही जोडी तिथे नापास होण्याची शक्यता अधिक आहे. पुढे कधी कॅलिफोर्नियात राहायला गेलात, तर तिथल्या नियामक मंडळाचा मंजुरी क्रमांक नसलेला भाग चालत नाही, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्या.

आता सर्वांत आधी करायची गोष्ट सांगतो. टर्बोची मागणी नोंदवण्यापूर्वी इंटरकूलरच्या नळ्यांची गळती तपासा. टर्बोच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाला झाकण लावून आत 20 पीएसआय हवा भरली आणि जोडांवर साबणाचे पाणी टाकले की फुटलेला रबरी बूट किंवा सैल क्लॅम्प लगेच दिसतो. वीस वर्षे जुन्या ट्रकवर हे फार सर्रास आढळते आणि त्यानेही तापमान शंभर-दीडशे अंशांनी चढू शकते. गळती नसेल, तर मॅनिफोल्डमध्ये, टर्बाइनच्या आधी, दाब मोजणारा काटा लावा आणि ट्रेलर जोडून त्याच चढावर जा. बूस्ट 30 असताना हा दाब 60 च्या पुढे जात असेल, तर गरम बाजू गुदमरते आहे आणि 63/68 ची निवड योग्य ठरेल. तो 40-45 च्या आसपास असेल, तर टर्बो बदलण्याआधी ट्यूनमधील इंधन कमी करून पाहावे. दोन्ही आकडे आणि त्या वेळचे फेरे मला इथे कळवलेत, तर कोणते ए/आर घ्यावे हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.