जे वाचलं, तेच लिही

पोरी,

तिसरीचे ३४ जण. त्यातल्या ७ जणांना अक्षरंच धड येत नाहीत, चौघी वर्तमानपत्र वाचतात, आणि तू विचारतेस, सगळ्यांना एकच चाचणी कशी देऊ? देऊच नकोस. वाचन तपासायचं म्हणजे पोर वाचताना ऐकायचं, एकेकाला, आणि त्यानं जे वाचलं तेच लिहायचं. गुण नको, शेरा नको.

वेळ कुठून आणू म्हणशील. एकाला ३ मिनिटं, रोज सहा जण. सहा दिवसांत अख्खा वर्ग होतो. बाकीचे तोवर चित्र बघून लिहितील, थोडा दंगा करतील. करू देत. वर्गाच्या दाराशी बस, पोराला समोर नाही, शेजारी घे. चाळीस-पन्नास शब्दांचा उतारा स्वतः तयार कर; पुस्तकातला धडा निम्म्यांना तोंडपाठ असतो. एक प्रत त्याच्या हातात, एक तुझ्या वहीत. उताऱ्यावर अडलं तर सुटे शब्द दे, तिथंही अडलं तर अक्षरं. उतारा सहज गेला तर मोठी गोष्ट. २००५ पासून गावोगावच्या मुलांचं वाचन तपासणारी 'असर' ही पाहणी आहे ना, तिच्यातही उताऱ्यापासूनच सुरुवात करतात. पण ती पट्टी जिल्ह्याचं चित्र दाखवायला. 'शब्द स्तर' एवढं लिहून उद्या त्या पोराला काय शिकवायचं ते कळत नाही.

म्हणून जे वाचलं तेच लिही. 'झाडावर'चं 'झडवर' केलं तर त्या शब्दावर 'झडवर' लिही. फुली मारलीस की माहिती संपली. 'झडवर' म्हणणाऱ्याचा काना गळतोय. 'रस्ता'चं 'रसता' करणाऱ्याला जोडाक्षर दिसत नाही. 'मुलगी'चं 'मुलगा' करणारा पहिल्या दोन अक्षरांवर अंदाज मारतोय. तिघांनाही दहापैकी सहा पडतील, पण तिघांचं औषध वेगळं. गट पाडायचे ते असे, चुकीवरून. आणि दर सहा आठवड्यांनी मोडायचे. 'कच्चे' हा शब्द वर्गात पुन्हा ऐकू यायला नको.

एक गंमत बघ. 'गड्डा' हा शब्द आपल्याकडचं पोर खाडकन वाचतं. दर संक्रांतीला सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या फलकावर तो पाहिलेला असतो. त्याच्याच पुढं 'लड्डू' ठेव, अडखळतं. म्हणजे जोडाक्षर आलेलं नाही, शब्दाचं चित्र लक्षात आहे. उताऱ्यात दोन-तीन अनोळखी शब्द मुद्दाम पेर, ते याच्यासाठी.

शहराच्या पूर्व भागातल्या शाळेत आहेस, तर आणखी एक. घरी तेलुगू बोलणारं पोर 'भात'ला 'बात' म्हणालं की लगेच चूक धरू नकोस. म्हणजे काय, विचार. 'जेवायचा' म्हणालं तर डोळ्यानं बरोबर वाचलंय, जीभ घरची आहे. वहीत 'बात' लिही आणि कडेला 'उच्चार' अशी खूण कर. अर्थ तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगितला तरी घे. तुला कळत नसेल तर शेजारच्या पोरीला विचार. उलट काही जण घडाघडा वाचतात आणि 'विहिरीत काय पडलं?' विचारलं की गप्प. देवनागरी तशी सरळ लिपी, अर्थ न कळताही वाचता येते. म्हणून वाचून झालं की दोन प्रश्न: एकाचं उत्तर उताऱ्यात असलेलं, दुसऱ्याचं ओळींच्या मधलं.

अडलं की मनात तीनपर्यंत मोज, मगच शब्द सांग. ही घाई सगळ्यांना नडते. घड्याळ त्याला दिसू देऊ नकोस. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या मोहिमेचं लक्ष्य तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्दांचं आहे, ठीक. पण घड्याळ दिसलं की पोर धावतं आणि शेवटचे प्रत्यय गिळतं. मग 'घराजवळून'चं 'घराजवळ' होतं, आणि तू त्याला प्रत्यय शिकवत बसतेस. शंभर शब्दांत दहाहून जास्त चुका असतील तर उताराच बदल, तो त्याच्यासाठी जड आहे.

ऊसतोडीला गेलेली पोरं परतली की पहिल्या दिवशी जुन्या स्तरावर बसवू नकोस. आधी ऐक, लिही, मग बसव.

वरून स्तरांचा तक्ता भरायला सांगतील. भर, दोन मिनिटांचं काम आहे, वहीवरून स्तर काढता येतो. तक्त्यावरून वही मात्र काढता येत नाही. मला हेकट म्हणतात ते याच्यावरूनच, म्हणू देत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांच्या वह्यांत नुसते अ, ब, क आहेत. त्यातला 'क' कशावर अडला होता हे आज मलाही सांगता येत नाही. त्याचं वाईट वाटतं, म्हणून तुझ्या मागं लागतोय.

सोमवारी त्या सातांपैकी तिघांना घे आणि चौघींपैकी दोघींना. त्या चौघी चांगल्या वाचतात म्हणून त्यांचं ऐकायचंच राहून जातं. शिसपेन टोकदार ने. रविवारी वही घेऊन घरी ये. मात्र खोडलेलं काही असलं तर तेही तसंच ठेव, मला तेच बघायचंय.