राखेच्या ब्लॉकमध्ये पीएफचे पैसे घालावेत का?

भद्रावतीच्या एका वाचकाचा प्रश्न: वय ४९. नोकरी सुटली, पीएफ-ग्रॅच्युइटीचे ३२ लाख हातात आहेत. चंद्रपूर वीज केंद्राच्या राखेपासून सिमेंटविना हलके ब्लॉक बनवायचं ३० लाखांचं युनिट टाकायचं आहे. मशीनवाला म्हणतो, कच्चा माल जवळजवळ फुकट. सगळे पैसे घालू का?

धंदा जरूर बघा, पण सगळे पैसे घालू नका.

राख स्वस्त मिळेल हे खरं. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं वीज केंद्रांवर राखेच्या पूर्ण वापराचं बंधन आहे, त्यामुळे त्यांनाही ती खपवायचीच आहे. पण सिमेंट काढलं की राखेला बांधून ठेवायला दुसरं काहीतरी लागतंच. जिओपॉलिमर ब्लॉकमध्ये, म्हणजे सिमेंटऐवजी रसायनांनी राख घट्ट केलेल्या ब्लॉकमध्ये, ते काम कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट करतात, आणि खरा खर्च तिथे आहे. कॉस्टिकचा भाव चढला की तुमचा नफा आटतो. हलकेपणासाठी फोम किंवा ॲल्युमिनियम पावडर, पुढे बहुतेक वेळा उष्णता देऊन क्युअरिंग, म्हणजे ब्लॉक पक्के करणं. राखही तळ्यातली ओली नको, कोरडी आणि बारीक हवी. म्हणजे बल्करचं (राख वाहणाऱ्या बंद टँकरचं) भाडं आणि सायलो (साठवणीची उंच टाकी) आलाच. हे सगळं दर ब्लॉकमागे किती पडतं, ते कोटेशनमध्ये लिहून मागा.

चुना-जिप्सम-राखेची वीट हाही सिमेंटविना पर्याय आहे. ती हलकी नाही, पण भट्टी लागत नाही आणि राख-चुन्याच्या विटांसाठी आयएस १२८९४ हे मानक आहे, त्यामुळे सरकारी कामात विकायला सोपी. मला सुरुवातीला हीच बरी वाटते.

आता पैशाचं. पीएमईजीपी या नव्या उद्योगांना कर्ज आणि अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात आणि २५ टक्के अनुदान मिळतं. म्हणजे ३० लाखांत तुमचे ३ लाख, अनुदान साडेसात लाख, बाकी कर्ज. जागेची किंमत यात धरत नाहीत. योजना फक्त नव्या युनिटला आहे; आधी स्वतःच्या पैशानं सुरू केलंत तर अनुदान गेलं. म्हणून कुणालाही ॲडव्हान्स देण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन अर्ज घेणं सुरू आहे का ते विचारा.

आणखी ५ लाख खेळतं भांडवल म्हणून बाजूला ठेवा, कारण ठेकेदार उधारीवर माल उचलतात. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) असेल तर ४५ दिवसांत पैसे मागायचा कायदेशीर हक्क राहतो. उरलेल्या २४ लाखांना हात लावू नका. तुमच्या म्हातारपणाची तरतूद तीच आहे.

मशीन ठरवण्याआधी नमुन्याचे ब्लॉक किती दाब सोसतात आणि किती पाणी शोषतात ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. तो रिपोर्ट घेऊन जवळच्या तीन ठेकेदारांना भेटा आणि कोणत्या भावानं किती माल घेतील ते कागदावर घ्या. त्या भावात कर्जाचा हप्ता निघत नसेल, तर हे युनिट टाकू नका.